बंद दारामागचे बंधुत्व

मुंबईच्या फोर्ट भागात 'फ्रीमेसन्स हॉल' नावाची एक वास्तू आहे. १८९७ साली ती उभी राहिली. उच्च न्यायालय, बँकांची मुख्यालये, वृत्तपत्रांच्या कचेऱ्या असा सारा सत्ता-संपत्तीचा परिसर आजूबाजूला पसरलेला. तेथून रोज ये-जा करणाऱ्या नोकरदाराला विचारावे की आत काय चालते, तर तो खांदे उडवून पुढे जाईल. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या राजधानीच्या मध्यभागी उभ्या असलेल्या एका संस्थेविषयी मराठी समाजाला जवळजवळ काहीही ठाऊक नाही. या अज्ञानाचा दोष केवळ समाजाच्या माथी मारता येणार नाही. माहिती नसावी अशीच ज्या संस्थेची रचना आहे, तिची ती फलश्रुती आहे.

मेसन म्हणजे गवंडी. युरोपात चर्चच्या इमारती बांधणाऱ्या पाथरवटांच्या संघांचे नाव, चिन्हे आणि हत्यारे उचलून प्रतिष्ठितांनी काढलेली ही बंधुसभा. २४ जून १७१७ रोजी लंडनमधील एका मद्यगृहात चार लॉज एकत्र आली आणि पहिली ग्रँड लॉज स्थापन झाली, असे या संस्थेचा स्वतःचा इतिहास सांगतो. गुण्या, कर्कटक, ओळंबा, पाणसळ ही आपल्या गवंड्याच्या पिशवीतली साधी अवजारे तेथे नीतितत्त्वांची प्रतीके झाली. त्या हत्यारांनी ज्याने आयुष्यात कधी एक वीट सरळ लावली नाही, असा व्यापारी, सरदार वा सनदी अधिकारी गळ्यात चिन्ह आणि कमरेला कातडी आवरण बांधून 'वर्शिपफुल मास्टर' म्हणवून घेऊ लागला. ज्याच्या हातांना घट्टे पडले आहेत असा खरा गवंडी मात्र या दाराच्या आत फारसा कधी दिसला नाही.

लंडनच्या त्या सभेनंतर जेमतेम दशकभराने, म्हणजे १७३० च्या आसपास, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये पहिले लॉज निघाले. तेव्हा प्लासीची लढाईही झाली नव्हती. मद्रास, मुंबई अशी ही साखळी कंपनी सरकारच्या वखारींमागोमाग सरकत गेली. पुढे साम्राज्याची गादी आणि लॉजची गादी यांत अंतर उरले नाही. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला किचनेर हा पंजाबचा डिस्ट्रिक्ट ग्रँड मास्टर होता. मद्रासचा गव्हर्नर आणि १९०४ मध्ये काही काळ हंगामी व्हाइसरॉय झालेला लॉर्ड अॅम्प्टहिल मद्रासचे तेच पद भूषवीत होता. इंग्लंडात खुद्द प्रिन्स ऑफ वेल्स, नंतरचा सातवा एडवर्ड, ग्रँड मास्टर होता आणि तो राजा झाल्यावर ती गादी त्याच्या धाकट्या भावाकडे गेली. बंधुत्वाची ही शिडी वर जाता जाता राजवाड्यातच पोचत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे खाली हिंदुस्थानात तिचा उपयोग काय होता हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि या बंधुत्वात हिंदूंचे स्थान कोणते होते? हा इतिहास लॉजच्या स्मरणिकांत क्वचितच विस्ताराने येतो, म्हणून येथे तो थोडा सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

मुंबईपासूनच आरंभ करू. माणेकजी करसेटजी हे येथील पारशी समाजातील एक बुद्धिमान सुधारक. मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी १८६३ मध्ये मुंबईत अॅलेक्झांड्रा संस्था काढणारे हेच ते गृहस्थ. त्यांनी मेसन होण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा मुंबईच्या गोऱ्या बंधूंनी त्यांना दार उघडले नाही. अखेर त्यांनी पॅरिसला जाऊन तेथील लॉजमध्ये दीक्षा घेतली. परत आल्यावरही मुंबईच्या लॉजमध्ये त्यांना बरोबरीने बसवून घेण्यास बंधूंची तयारी नव्हतीच. तोडगा काय निघाला? जेम्स बर्न्स या कंपनीच्या डॉक्टराने १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाचे स्कॉटिश लॉज काढले, ते खास एतद्देशीयांसाठी. इतिहासकार त्याला उदारतेचे पाऊल म्हणतात. बर्न्सच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु 'सर्व मानव बंधू' अशी शपथ घेणाऱ्यांना काळ्या बंधूंसाठी वेगळी पंगत मांडावी लागली, ही गोष्ट त्या उदारतेने झाकली जात नाही. आपल्या गावकुसाबाहेरच्या विहिरीवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी या पंगतीवरही दोन ओळी लिहायला हरकत नव्हती.

तरीही पारशी आणि मुसलमान यांना कुठे ना कुठे वाट मिळत होती. अर्काटच्या नवाबाचा पुत्र उमदत-उल-उमरा याला तर १७७५ मध्येच दीक्षा दिली गेली होती. अडले ते हिंदूंपाशी. कारण असे दिले जाई की मेसनला एका परमेश्वरावर श्रद्धा असावी लागते. हिंदू पडले अनेक देवांना पूजणारे, त्यांच्या शपथेला बंधन कशाचे? बंगालच्या डिस्ट्रिक्ट ग्रँड लॉजच्या नियमांत तर कोणाही आशियाई माणसाला डिस्ट्रिक्ट ग्रँड मास्टरच्या परवानगीवाचून प्रवेश देऊ नये, असे कलमच होते. प्रसन्नकुमार दत्त या बंगाली हिंदू गृहस्थाने हे दार ठोठावण्यास १८६० नंतर प्रारंभ केला. अर्ज झाले, आक्षेप झाले, लंडनपर्यंत पत्रव्यवहार झाला. हिंदू एकेश्वरवादी असू शकतो काय, यावर साहेबांची मते मागवली गेली. ज्या देशाने 'एकं सत्' हा विचार लंडन वसण्यापूर्वी सांगितला, त्या देशातील माणसाच्या ईश्वरश्रद्धेची परीक्षा अफू आणि निळीच्या व्यापाराची चौकट सांभाळणारे लोक घेत होते! तब्बल नऊ-दहा वर्षांनी, १८७२ मध्ये, दत्तबाबूंना प्रवेश मिळाला. त्यांच्या चिकाटीचे कौतुकच केले पाहिजे. पण ही चिकाटी स्वतःच्याच भूमीवर, परक्यांच्या दाराशी खर्ची पडली, याचा विषादही वाटल्यावाचून राहत नाही.

येथे मेसन मंडळी हमखास एक हुकमी पान काढतात. स्वामी विवेकानंदही मेसन होते, असे ते सांगतात. खरे आहे. फेब्रुवारी १८८४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, नरेंद्रनाथ दत्त या तरुणाने कलकत्त्याच्या 'अँकर अँड होप' लॉजमध्ये दीक्षा घेतली. वडील वकील, त्या वर्तुळात उठबस असलेले. त्याच महिन्यात वडिलांचे निधन झाले, कुटुंबावर आकाश कोसळले आणि नरेंद्राचे पुढचे आयुष्य दक्षिणेश्वरच्या अंगणात घडले. १८९७ मध्ये त्यांनी रामकृष्ण मिशन काढले, ते उघड्यावर, सर्वांसमक्ष. लॉजच्या भिंतीवर त्यांची तसबीर लावायची ती खुशाल लावावी, परंतु त्यांच्या पद्धतीचा एक अंशही त्या भिंतीच्या आत शिरलेला दिसत नाही. दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता, मोतीलाल नेहरू हीही नावे सांगितली जातात आणि तीही खरी आहेत. त्या काळी गोऱ्या अधिकाऱ्याशेजारी बरोबरीने खुर्ची मिळण्याची जागा फार थोडी होती. लॉज ही त्यांपैकी एक. ती गरज त्या काळाची होती. काळ गेला, खुर्ची आपली झाली, तरी दार बंदच राहिले, हा आजचा प्रश्न आहे.

लाहोरच्या लॉजमध्ये १८८६ मध्ये, वयाची अट शिथिल करवून घेऊन, दीक्षा घेतलेल्या किपलिंगने लॉजमधील समतेची गोडवी पुढे काव्यात गायली. त्याच्या राजकीय लेखनात ही समता कुठे दिसते, हे शोधण्याचे काम मी त्याच्या चाहत्यांवर सोपवतो.

स्वातंत्र्यानंतर तरी चित्र पालटले काय? २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत 'ग्रँड लॉज ऑफ इंडिया'ची स्थापना झाली. तोवर चौदा वर्षे स्वतंत्र भारतातील मेसन इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड येथील ग्रँड लॉजांच्या आज्ञेतच होते. पहिले ग्रँड मास्टर कोण झाले? रामपूरचे नवाब रझा अली खान. प्रजासत्ताक येऊन अकरा वर्षे उलटली होती, तरी नेतृत्वासाठी या बंधुसभेला नवाबच सापडला! नवी ग्रँड लॉज उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा चार विभागांत कारभार पाहते. पश्चिम विभागाची सूत्रे मुंबईतून हलतात आणि विभागाच्या शिरी रीजनल ग्रँड मास्टर असतो.

याहून विस्मयकारक गोष्ट पुढेच आहे. १९६१ मध्ये भारतीय ग्रँड लॉजमध्ये सामील होणे ऐच्छिक ठेवण्यात आले. ज्यांना जायचे नव्हते ते जुन्याच निष्ठेत राहिले. परिणामी आज, एकविसाव्या शतकाचा पाव भाग सरल्यावरही, मुंबईत लंडनच्या युनायटेड ग्रँड लॉजच्या अधीन असलेली 'डिस्ट्रिक्ट ग्रँड लॉज ऑफ बॉम्बे' नांदते आहे. शहराचे नाव १९९५ मध्ये बदलले, हे बहुधा त्या दालनापर्यंत पोचले नसावे. लंडनच्या त्या गादीवर १९६७ मध्ये इंग्लंडच्या राजघराण्यातील ड्यूक ऑफ केंट बसले आणि अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी ती सांभाळली. गोव्याची मुक्ती १९६१ च्याच डिसेंबरात झाली. मुंबईतील या दालनांची मुक्ती व्हावी असे त्यांतील बंधूंना वाटतच नसेल, तर त्यांना कोण काय करणार! तथापि भारताचे नागरिक, त्यांतही भारतीय राज्यव्यवस्थेत पदे भूषविणारे कोणी असतील तर तेही, परदेशस्थ पीठाच्या नियुक्तीने पदवीधर होतात आणि ती निष्ठा त्यांना खटकत नाही, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

लॉजच्या वेदीवर आज बायबलबरोबर भगवद्गीता, कुराण, गुरू ग्रंथसाहिब आणि अवेस्ता हेही असतात. ही मांडणी सद्भावाची आहे, असे मानू. परंतु त्या वेदीसमोर जे नाट्य चालते ते कुणाचे? डोळे बांधलेला, गळ्यात दोर असलेला, डावी छाती उघडी आणि विजारीचा एक पाय वर दुमडलेला उमेदवार जेरुसलेमच्या सॉलोमन राजाच्या मंदिराची कथा ऐकतो. तिसऱ्या पायरीवर त्या मंदिराचा शिल्पी हायरम अबिफ याच्या हत्येचा प्रयोग होतो. 'विश्वाचा महान शिल्पकार' ही तेथील ईश्वराची उपाधी. आमच्या सुतार, लोहार, पाथरवट बांधवांनी विश्वकर्म्याला पिढ्यान्पिढ्या पूजले, आणि ते दिवसाढवळ्या, साऱ्या आळीला प्रसाद वाटून. गीतेची प्रत वेदीवर ठेवली म्हणजे भारतीयीकरण झाले, असे समजणे म्हणजे कोटाच्या खिशाला झेंडूचे फूल टोचून त्याला अंगरखा म्हणणे होय. इंग्लंडमध्ये शपथेतून गळा चिरण्यासारख्या शिक्षांचा उच्चार १९८६ मध्ये काढून टाकला गेला, म्हणजे तोवर तो चालला होता. हे सारे केवळ प्रतीकात्मक आहे, हा त्यांचा खुलासा मी मान्य करतो. प्रश्न शिक्षेचा नाही. प्रश्न आहे तो परस्परसाहाय्याची शपथ घेतलेल्यांची नावे समाजाला कळू नयेत, या आग्रहाचा.

मुख्य प्रवाहातील या लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेश नाही. अॅनी बेझंट यांनी स्त्री-पुरुष दोघांना घेणारी वेगळी शाखा भारतात आणली, तिला या मुख्य प्रवाहाने आपले मानले नाही. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यासाठी केवढे रान उठले! बसगाड्या भरून मोर्चे निघाले, दूरचित्रवाणीचे कॅमेरे आठवडाभर तेथून हलले नाहीत आणि चौथरा स्त्रियांना खुला झाला. तो खुला झाला याचे दुःख नाही. पण मुंबईतल्या कॅमेऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या पुरुषी दालनाकडे त्यांपैकी एकही वळला नाही, यावरून आपल्या पुरोगाम्यांचा ओळंबा कुठल्या बाजूला झुकतो ते समजते.

या विषयावर लिहायचे ठरवले तेव्हा एका लॉजच्या पदाधिकाऱ्यांकडे मी साधी माहिती मागितली. सदस्य किती, त्यांत शासकीय सेवेतील किती, एवढेच. उत्तर अत्यंत सौजन्याने आले. आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, मात्र सदस्यांची माहिती आम्ही देत नाही. दोन्ही वाक्ये एकाच श्वासात! "आमची संस्था गुप्त नाही, तिच्यात काही गुपिते आहेत" हे घोषवाक्य जगभरचे मेसन वापरतात. चहा मात्र उत्तम होता.

येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे, कारण या विषयाभोवती भोंदू साहित्याचे रान माजलेले आहे. मेसन मंडळी पडद्याआडून जगावर राज्य करतात, युद्धे घडवतात, ज्यूंशी संगनमत करून धर्म बुडवतात, या साऱ्या कहाण्या टाकाऊ आहेत. लिओ ताक्सिल नावाच्या फ्रेंच लेखकाने मेसन सैतानपूजक असल्याच्या कथा रचून वर्षानुवर्षे युरोपला मूर्ख बनवले आणि १८९७ मध्ये पॅरिसच्या भर सभेत सारे थोतांड असल्याचे हसत हसत सांगितले. हिटलरने ज्यूंबरोबर मेसनांचाही छळ केला. पोर्तुगालमध्ये सालाझारच्या राजवटीने १९३५ मध्ये गुप्त संघटनांवर बंदीचा कायदा आणला. त्या वाटेने जाण्याची कुणाची इच्छा नाही. बंदी घाला, असे येथे कोणी म्हणत नाही. लॉजचे दानधर्मही खरे आहेत. कोइमतूरचे त्यांचे बालरुग्णालय पाहिलेला माणूस त्याविषयी वाईट बोलणार नाही.

बंदी नको, तर मग हवे काय? इटलीचे उदाहरण पाहावे. मार्च १९८१ मध्ये तपास अधिकाऱ्यांनी लिचो जेल्ली याच्या मालमत्तेवर छापा घातला तेव्हा 'पी-दोन' या लॉजची नऊशे बासष्ट नावांची यादी सापडली. मंत्री, खासदार, सेनाधिकारी, गुप्तचर विभागांचे प्रमुख, बँकवाले, वृत्तपत्रांचे संपादक अशी ती यादी. पुढे पंतप्रधान झालेले बर्लुस्कोनीही तीत होते. त्या धक्क्याने फोर्लानी यांचे सरकार कोसळले आणि जानेवारी १९८२ मध्ये इटलीने गुप्त संघटनांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तेथील मुख्य मेसन संस्थेने या लॉजला आधीच निलंबित केले होते, हे खरे. पण हा बचाव आहे की कबुली? ज्या संस्थेत कोण कोणाला ओळखतो हेच बाहेर कळत नाही, तेथे एक दालन बिघडले तर शेजारच्या दालनालाही ते वेळेवर कळत नाही, असाच त्याचा अर्थ.

ब्रिटन तर या संस्थेचे माहेर. तेथे १९९७ मध्ये संसदीय समितीने पोलीस आणि न्यायव्यवस्थेतील मेसनांचा विषय हाती घेतला. १९९८ पासून नव्या न्यायाधीशांना सदस्यत्व सांगावे लागे, तो दंडक २००९ मध्ये मागे घेतला गेला. परंतु १९८७ मध्ये खून झालेल्या डॅनियल मॉर्गन या खासगी गुप्तहेराच्या प्रकरणावरील स्वतंत्र मंडळाने २०२१ च्या अहवालात पोलिसांनी असे सदस्यत्व उघड करावे अशी शिफारस केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये लंडनच्या पोलीस दलाने तसा नियम जाहीर केला. ज्या लंडनची मोहोर काही मुंबईकर बंधू अजून मिरवतात, तेथील पोलिसालाच आता हे सांगावे लागणार असेल, तर आपल्याकडे हा प्रश्न विचारणे असभ्य कसे?

मेसनांच्या बाजूने एक वजनदार युक्तिवाद आहे. इटलीच्या मार्के प्रांताने प्रांतिक पदांवर नेमणूक हवी असलेल्यांकडून मेसन नसल्याचे लिहून घेण्याचा कायदा केला, तेव्हा युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००१ मध्ये तो संघटनस्वातंत्र्याचा भंग ठरवला. हा निकाल योग्यच वाटतो. मेसन आहे म्हणून कुणाची नेमणूक नाकारणे अन्यायाचे ठरेल. पण नेमणूक नाकारणे वेगळे आणि नोंद करणे वेगळे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये न्यायाधीशांसाठी जी आचारमूल्ये स्वीकारली, त्यांत न्यायाधीशाने क्लब वा तत्सम संस्थेच्या पदासाठी निवडणूक लढवू नये असे म्हटले आहे. म्हणजे अशा जवळिकीतून काय उद्भवू शकते याची जाण न्यायसंस्थेला आहेच.

आणि शासनाला? ३० नोव्हेंबर १९६६ रोजी केंद्र सरकारने एक परिपत्रक काढून आपल्या कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यात भाग घेण्यास मनाई केली. ज्या संघटनेची शाखा उघड्या मैदानावर भरते, जेथे कुणीही कठड्याशी उभे राहून पाहू शकतो, तिच्या स्वयंसेवकांची नावे पोलीस टिपत राहिले. जुलै २०२४ मध्ये, सत्तावन्न वर्षांनी, ती मनाई उठली. या साऱ्या काळात, दार लावून, शपथ घेऊन, खुणेच्या हस्तांदोलनाने एकमेकांस ओळखणाऱ्या बंधुसभेविषयी एकाही सरकारला परिपत्रक काढावेसे वाटले नाही. उघड्या मैदानाची धास्ती आणि बंद दालनावर विश्वास, ही इंग्रजांनी मागे ठेवलेली सवय आहे.

नियम सर्वांना सारखा असावा, तो आमच्या माणसांनाही लागू व्हावा. महाराष्ट्राचे नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चे आहेत. त्यांनुसार कर्मचारी आपल्या स्थावर मालमत्तेचे विवरण देतोच. त्याच विवरणात आणखी एक रकाना घालावा. प्रवेशासाठी शपथ घ्यावी लागते आणि सदस्यसूची जाहीर होत नाही अशा कोणत्याही संस्थेचे आपण सदस्य आहात काय, असल्यास ती कोणती व तिचे वरिष्ठ पीठ कोठे आहे? आयुक्त, पोलीस अधीक्षक, महापालिकेचे अभियंते, सहकारी बँकांचे संचालक यांच्यापुरती ही माहिती मागितली तरी तूर्त पुरे. निविदा देणारा आणि घेणारा एकाच लॉजच्या भोजनाला शेजारी बसत असतील, तर ते निदान दप्तरी असावे. यासाठी विधेयक नको, समिती नको, सामान्य प्रशासन विभागाची एक अधिसूचना पुरेशी आहे. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात एखाद्या सदस्याने एवढा एकच प्रश्न विचारावा आणि मंत्रिमहोदयांनी त्याचे उत्तर द्यावे. उत्तर देणारे वा मसुदा लिहिणारे सचिव स्वतः कुठल्या लॉजचे बंधू असतील, तर त्यांनी ते आधी सांगावे, म्हणजे रकाना तेथूनच भरायला घेता येईल.